हिंगाची डबी आणि कूलरचा वारा : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका लॅब्राडॉरचं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी फोन आला. "ताई, आमचा कुत्रा पार माजलाय. टेकनपूरला पाठवायची काही सोय होईल का?"

ग्वाल्हेरात राहणाऱ्याला हा प्रश्न वेडगळ वाटणार नाही. इथून झाशीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात टेकनपूर येतं. तिथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे आणि तिच्यातच १९७० पासून राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र चालतं. पूर्वी मुलांना "बोर्डिंगात घालीन" म्हणायचे ना, त्या चालीवर आमच्याकडे कुत्र्यांना टेकनपूरची धमकी मिळते. फोनवरच्या काकांना म्हटलं, ती जागा दलाच्या कुत्र्यांची. तुमच्याला काही सरहद्दीवर जायचं नाही. आधी मी येऊन बघते.

पुढे बारा आठवडे कुत्र्याला शिकवायला त्या घरी माझं येणं-जाणं होतं. त्याची ही हकीकत आहे. यातल्या दोन गोष्टी मी चुकीच्या सांगितल्या होत्या आणि दोनदा आम्ही सगळ्यांनी मिळून कुत्र्याला चूक ठरवलं होतं, तेव्हा तो बरोबर होता. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

घर, माणसं आणि गजक

जीवाजीगंजातलं जुनं दोन मजली घर. खाली ओसरी आणि छोटं फरशीचं अंगण, वर गच्ची. काका ए. जी. (महालेखापाल) ऑफिसातून निवृत्त, जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले. काकू, मुलगा, सून (दोघंही नोकरीला), आणि नववीतून दहावीत गेलेली नात. कुत्रा दीड वर्षाचा पिवळा लॅब्राडॉर, वजन ३० किलोच्या आतबाहेर. संक्रांतीच्या आठवड्यात दोन महिन्यांचा घरी आला तेव्हा मुरैन्याची गजक (तीळगुळाची खुसखुशीत मिठाई) घरात होती आणि पिल्लाचा रंग नेमका तोच होता, म्हणून नाव गजक.

तक्रारी अशा: चपला पळवणं, काकूंच्या पदराला लोंबकळणं, झोपाळ्याचा एक पाय कुरतडून बारीक केलेला, दोन उशा फाडलेल्या, आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ नुसता उच्छाद. दिवसा घरातलं कुणी जागेवरून उठलं की तो पाठोपाठ. "सावलीसारखा," सून म्हणाली, "पण चावणारी सावली."

यावर घरच्यांनी काहीच केलं नव्हतं असं नाही. हिवाळ्यात मुलगा त्याला सायकलबरोबर पळवायचा. आधी तीन किलोमीटर, मग पाच, मग सात. दर वेळी आठवडाभर फरक पडायचा आणि परत होतं तसं. यात आश्चर्य काय? रोज सात किलोमीटर पळणाऱ्या कुत्र्याचा दम वाढतो. त्यांनी नकळत घरात एक पैलवान तयार केला होता, आणि एप्रिल लागला तसा पैलवानाचा आखाडाच बंद झाला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डांबरावर तळहात पाच-सात सेकंद ठेवता येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्यामुळे फिरणं पहाटे साडेपाचला अर्धा तास, तेही गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळीला चुकवत, मान खेचत, कुठेही थांबू न देता.

मध्यंतरी एक ट्रेनर एकवीस दिवस येऊन गेला होता. साखळीला झटका देऊन त्याने सिट, शेकहँड आणि "सॅल्यूट" शिकवलं. गजक हे तिन्ही करायचा, तो ट्रेनर समोर असला की. जनावरांच्या डॉक्टरांकडून कान, सांधे, पोट हे सगळं तपासून घ्यायला मी पहिल्याच दिवशी सांगितलं. दुखणं असेल तर शिकवण्याने ते जात नाही. काही निघालं नाही.

पहिली संध्याकाळ

मी ओसरीवर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले आणि दोन तास काहीच केलं नाही. कुत्र्याकडे बघूच नका, रोजच्यासारखं वागा, असं सगळ्यांना सांगितलं होतं. वहीत दर काही मिनिटांनी नोंद करत होते.

साडेसातला काकूंनी वाडगा भरून ठेवला. दिवसाच्या निम्म्या अन्नाचा निकाल घड्याळात बघून चाळीस सेकंदांत लागला. मग गजक उभा राहिला आणि त्याने घराकडे बघितलं. हे मला आजही आठवतं. जेवण झालं, आता काय, असा तो चेहरा. काही मिनिटांनी दाराजवळून काकांची कोल्हापुरी उचलली आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. पळाला नाही. वाट बघत उभा राहिला. नात किंचाळली, काका उठले, मुलगा एका बाजूने, सून दुसऱ्या बाजूने. मग तो पळाला. चार मिनिटं पाठलाग, हसणं, ओरडणं, शेवटी बिस्किटाची लाच.

दोन तासांत हे सहा वेळा झालं. दर वेळी वस्तू वेगळी, बाकी क्रम तोच.

काका म्हणाले, "बघितलंत? माजच आहे." मला दिसलं ते असं, की त्या घरात दिवसभरात एकच खेळ होता, तो गजकनेच शोधून काढला होता आणि सगळ्या कुटुंबाला तो शिकवूनही झाला होता. लॅब्राडॉर मुळात न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला. पुढे इंग्लंडात शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणून देण्यासाठी त्याची पैदास झाली. वस्तू उचलून आणणं ही त्याची खोड नव्हे, तो त्याचा पिढीजात धंदा आहे. जीवाजीगंजात बदकं नाहीत, चपला आहेत.

म्हणून पहिल्या दिवशी मी घरच्यांना एवढंच म्हटलं: याला दमवू नका, कामाला लावा.

योजना

वाडगा बंद. दिवसभराचे दाणे (कुत्र्याच्या कोरड्या अन्नाचे) सकाळी एका डब्यात मोजून ठेवायचे आणि त्यातूनच सगळं द्यायचं: काही शिकवताना बक्षीस म्हणून, काही जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत दडवून, काही पुठ्ठ्याच्या खोक्यांत, काही गच्चीवरच्या पायपुसण्यांवर विखरून. वेगळा खाऊ फक्त अवघड कामाला, पनीरचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे. द्राक्षं, मनुका, कांदा आणि चॉकलेट कधीच नाही. नावात गजक असली तरी गजकही नाही. लॅब्राडॉर खादाड असतात ही नुसती थट्टा नव्हे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे खाण्यामागे जास्त लागतात. गजकचं जनुक कुणी तपासलं नाही, पण काकूंचं मत पक्कं आहे.

इथे काकांनी हिशेबनिसाचा प्रश्न टाकला. "पण ताई, आयतं मिळत असताना तो कष्ट कशाला करील?" प्रश्न रास्त होता. १९६३ मध्ये ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच उंदरांवर तपासलं होतं. शेजारी भांडं भरलेलं असतानाही उंदीर कळ दाबून दाणे मिळवत राहिले. पुढे कितीतरी प्राण्यांत हे दिसलं. कुत्र्यांचं चित्र मात्र इतकं सरळ नाही. मेहनतीची तयारी असते, पण आयतं सोडून मेहनतच निवडतील असं नाही. म्हणूनच भांडं उचलून ठेवायला सांगितलं.

दुसरी गोष्ट खूण. कुत्र्याने नेमकं काय बरोबर केलं हे त्याच क्षणी कळलं पाहिजे. दाणा हातातून तोंडात जाईपर्यंत दोन सेकंद जातात, तेवढ्यात तो उभा राहिलेला असतो आणि बक्षीस उभं राहण्याला लागतं. त्यासाठी क्लिकर मिळतो, दाबला की टिक वाजणारा. काकांनी विचारलं, "असा आवाज?" आणि खिशातलं बॉलपेन दाबलं. टिक. क्लिकरपेक्षा तो आवाज सौम्य होता आणि पेन काकांच्या खिशात कायम असतं. तेच ठरलं. टिक म्हणजे "बरोबर, दाणा येतोय". पहिले दोन दिवस फक्त टिक आणि दाणा, टिक आणि दाणा, बाकी काही नाही.

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि तिला मी समजले होते त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"बस" म्हणजे काय?

ग्वाल्हेरच्या मराठी घरात दोन भाषा एकाच वाक्यात नांदतात. काकू गजकला "बस" म्हणत, म्हणजे खाली बस. नात "बस, बस!" म्हणे, म्हणजे पुरे. मुलगा "अब बस कर" म्हणे, म्हणजे सोड. ट्रेनरचं "सिट" वेगळं. एकाच उच्चाराचे तीन हुकूम. कुत्रा तो शब्द ऐकून कधी बसायचा, कधी जास्तच उड्या मारायचा, आणि घरातलं मत असं, की "याला कळतं सगळं, मुद्दाम करतो."

आम्ही "बस" हा शब्द गजकपुरता रद्द केला. बसण्यासाठी "सिट" ठेवलं, कारण घरात एरवी ते कुणी म्हणत नाही. काकूंना हे मानवलं नाही. "आता कुत्र्याशी इंग्रजीत बोलायचं?" मग तह झाला: एक "सिट" सोडून बाकी सगळं मराठी. "आण", "दे", "शोध", "चटई". काकांनी यादी करून फ्रिजला लावली, खाली सही आणि तारीख.

तरी घोटाळा झालाच. चौथ्या दिवशी सून नातीला म्हणाली, "पाणी आण गं," आणि गजक चप्पल घेऊन हजर. तेव्हापासून आधी नाव, मग शब्द.

माझी पहिली चूक

मी सांगितलं होतं, चप्पल पळवली तर कुणीही उठू नका. पाठलाग हेच त्याचं बक्षीस आहे, ते बंद झालं की पळवणंही मावळेल. पुस्तकी दृष्टीने खरं आहे. पण बक्षीस अचानक थांबलं तर वागणूक मावळण्याआधी उसळते, हेही पुस्तकातच आहे. लिफ्ट आली नाही तर आपण बटण जास्त जोरात दाबतो, तसं. ते मी सांगितलं होतं, पण किती उसळेल याचा अंदाज चुकला.

सहाव्या दिवशी चपलेला कुणी भीक घालत नाही म्हटल्यावर गजक देवघरात गेला आणि काकूंची जपमाळ घेऊन आला. काकू उठल्या. उठणारच. तुळशीचे मणी गिळले असते तर? पाठलाग झाला, आधीच्या सगळ्यांपेक्षा दणक्यात. आणि गजकला धडा मिळाला तो असा: चपलेवर काही नाही, जपमाळेवर आहे. पुढच्या तीन दिवसांत चष्म्याचं घर, नातीचं कंपासबॉक्स, मुलाचा चार्जर.

दुर्लक्ष करायला सांगताना जिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही अशी वस्तू त्याच्या आवाक्यात ठेवणं हा माझा गाढवपणा होता. देवघराला छोटी फळी लावली, टेबलं मोकळी केली. आणि दुर्लक्षाच्या जागी अदलाबदल आणली: तोंडात काही असलं की शांतपणे जवळ जाऊन पनीरचा तुकडा नाकाशी, वस्तू सुटली की टिक, पनीर, आणि वस्तू निरुपद्रवी असेल तर लगेच त्यालाच परत. हे "परत देणं" घरच्यांना उलटं वाटलं. पण दिलेलं परत येतं हे कळलं, की कुत्र्याला पळून जायचं कारणच उरत नाही. दहा दिवसांत "दे" हा त्याचा सगळ्यात पक्का शब्द झाला.

मग "आण" जोडलं. आता चपला पळवायच्या नव्हत्या, पोचवायच्या होत्या. काका संध्याकाळी आरामखुर्चीत बसून म्हणत, "गजक, आण." चप्पल यायची, टिक, दाणा. दुसरी आण. दुसरीही यायची. काकूंनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे नोकरी तीच, फक्त आता पगार सुरू झाला."

इथून नातीला उत्साह चढला. तिने कुठेतरी वाचलं होतं, की चेसर नावाच्या बॉर्डर कोली कुत्रीला १०२२ खेळण्यांची नावं येत होती. हे खरं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी तिला तीन वर्षं रोज तासन्‌तास शिकवलं आणि २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पण नावावरून वस्तू ओळखणं बहुतेक कुत्र्यांना फार जड जातं, हेही खरं. गजकला बारा आठवड्यांत पाच नावं आली, आणि "चष्मा" नि "पेपर" यांत तो अजून गोंधळतो.

माझी दुसरी चूक, किंवा नातीची

मे-जूनची सुट्टी, बाहेर लू, घरात दहावीची पुस्तकं. नातीला गजकपेक्षा बरं काम दिसेना. ती दिवसातून चार-चार वेळा पाऊण तास शिकवू लागली. तीन कोडी-खेळणीही मागवली, झाकणं सरकवून दाणे काढायची. मी थांबवलं नाही, घरात एवढा हुरूप बघून बरं वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात गजक खेळण्यावर भुंकू लागला. एक चावून फोडलं. "सिट" म्हटलं की जांभई देई, अंग खाजवी, तोंड फिरवी. काकांच्या वहीत त्या आठवड्याची नोंद: "विद्यार्थी असहकार करीत आहे."

डेन्मार्कमध्ये ४४ बीगल कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये आला. आठवड्यातून एकदोनदा शिकवलेले कुत्रे रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी तासिकांत शिकले, आणि एकामागोमाग तीन तासिका घेतल्यापेक्षा एकच तासिका जास्त उपयोगी पडली. शिकलेलं मुरायला मधला वेळ लागतो, बहुधा झोपेत. आणि आमचा विद्यार्थी दुपारी झोपतच नव्हता, कारण सतत कुणीतरी त्याला काहीतरी शिकवत होतं. मोठा कुत्रा दिवसातले बारा-एक तास सहज झोपतो. संध्याकाळचा उच्छाद अर्धा तर अपुऱ्या झोपेचा होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग नियम झाला: शिकवणं दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, आठवड्यात एक दिवस सुट्टी. दुपारी एक ते चार काकांच्या खोलीत कूलर लावून चटई, दार बंद, कुणी जायचं नाही. खेळण्यांबद्दल माझं मत आधीच फारसं चांगलं नव्हतं. एकदा सुटलेलं कोडं म्हणजे महागडा वाडगा. ते फोडलेलं खेळणं मला सगळ्यांत प्रामाणिक वाटलं.

लवंग

आता प्रकरणातला माझ्या आवडीचा भाग.

कुत्र्याच्या डोक्याला काम द्यायचं तर ते नाकातून द्यावं. आपल्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, त्याच्या नाकात जातीप्रमाणे दहा ते तीस कोटी. हुंगताना तो सेकंदाला चार ते सात वेळा श्वास आतबाहेर करतो. आपण त्याला फिरायला नेतो आणि दर खांबापाशी "चल, चल" करून ओढतो. वाचनालयात नेऊन पुस्तक उघडू न देण्यासारखंच ते. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या शार्लोट द्युरांतों आणि न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी वीस पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एकाला दोन आठवडे वास शोधायचा सराव, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी नीट चालण्याचा. सरावाआधी आणि सरावानंतर सगळ्यांसमोर एक संदिग्ध भांडं ठेवलं, जागा अशी की आत खाऊ असेल किंवा नसेल. वास शोधणारे कुत्रे पहिल्यापेक्षा लवकर भांड्याकडे जाऊ लागले, म्हणजे चांगलंच निघेल असं धरून चालू लागले. चालण्याचा सराव केलेल्यांत तसा फरक पडला नाही.

वास शोधण्याच्या खेळात बर्च या झाडाचा वास, बडीशेपेच्या जातीचा एक वास आणि लवंग हे नेहमीचे. लवंग प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात असते. अखंड लवंगा घ्यायच्या, भोकं पाडलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायच्या, म्हणजे खाल्ल्या जाणार नाहीत. लवंगेचं तेल वापरायचं नाही, ते जळजळीत असतं. काकांनी तपकिरीची रिकामी डबी पुढे केली. तंबाखूचा अंशही कुत्र्याला वाईट, शिवाय वास मिसळतो, म्हणून नाकारली. मग काकूंनी धुऊन स्वच्छ केलेली एक छोटी प्लास्टिकची डबी दिली.

शिकवणी मस्त झाली. डबीला नाक लावलं की टिक. मग तीन खोक्यांपैकी एकात डबी, मग सहांपैकी. आठवड्याभरात "शोध" म्हटलं की गजकची चालच बदलायची: शेपूट ताठ, तोंड मिटलेलं, नाक जमिनीलगत. सापडलं की समोर बसून पेनाकडे बघायचा.

मग एके दिवशी डबी बैठकीत लपवली आणि गजक सरळ स्वयंपाकघरात जाऊन मांडणीसमोर बसला. परत आणला, परत तिथेच. काकांनी वहीत लिहिलं, "चूक." तिसऱ्यांदा काकूंनी मांडणीचं दार उघडलं, तेव्हा तो मान उंच करून मिसळणाच्या डब्याशेजारच्या हिंगाकडे बघत होता.

ती डबी हिंगाची होती. काकूंनी तीनदा धुतली होती, पण प्लास्टिकमधला हिंग धुण्याने जातो थोडाच? गजक आठ दिवस लवंग शिकतच नव्हता. तो हिंग शिकला होता, आणि घरातला सगळ्यात मोठा साठा त्याने बिनचूक काढून दिला होता. काकांनी "चूक" खोडून पुढे लिहिलं, "परीक्षकाची."

काचेची नवी बाटली आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्यानंतर पुन्हा एक कोडं पडलं. जूनच्या मध्यावर काकांच्या खोलीत गजक सारखा चुकू लागला. बाटली पलंगाच्या उशाशी, हा पलीकडच्या भिंतीशी, कपाटाच्या फटीत नाक खुपसून बसलेला. आम्हाला वाटलं विसरला, उकाड्याने कंटाळला. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही, म्हणून खोली थंड हवी, म्हणून कूलर पूर्ण वेगावर. आणि खिडकीतला कूलर उशामागूनच वारा फेकत होता. बाटलीचा वास वाऱ्याबरोबर समोरच्या भिंतीवर आदळून कपाटाच्या फटीत साचत होता. गजक वास जिथे दाट होता तिथे बसत होता. कूलर बंद केला, दहा मिनिटं थांबलो, "शोध" म्हटलं. तो आधी कपाटापाशी गेला, मग वळला आणि पलंगाच्या उशाशी जाऊन बसला.

शेजारच्या गल्लीत दलातून निवृत्त झालेले एक श्वानपथकवाले काका राहतात. त्यांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, पथकात पहिला धडा हाच, कुत्रा चुकला म्हणण्याआधी वारा बघ. आणि म्हणाले, लोकांना वाटतं तिथे कुत्र्याला कडक शिस्त असते. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याच्या डोक्यात स्फोटकं नसतात, चेंडू असतो. सापडलं की गुपचूप बसायचं, मग चेंडू मिळतो. ज्या टेकनपूरला गजकला पाठवायचं होतं तेही खेळच शिकवतं, हे ऐकून आमच्या काकांना जरा धक्काच बसला.

वही काय म्हणते

काकांनी पहिल्या आठवड्यापासून रोज नोंद ठेवली: वेळ, काम, मिनिटं, आणि "कुरापती" असा रकाना. व्याख्या त्यांनीच केली: न सांगता उचललेली वस्तू, पदर-कपडा ओढणं, फाडणं, एकेक धरून. शेऱ्यांत "अर्धी पोळी, सौ.कडून, विनापरवानगी" अशाही नोंदी आहेत. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सरासरी नऊ कुरापती. दुसऱ्यात, जपमाळेनंतरच्या आठवड्यात, चौदा. सहाव्यात चार. बाराव्यात एक किंवा शून्य.

हे आकडे बघून मी लगेच हुरळत नाही. त्याच काळात गजक दीड वर्षाचा पावणेदोन वर्षांचा झाला, आणि वयाने कुत्रे निवतात. जुलैत पाऊस आला, फिरणं वाढलं. पहाटेच्या फेरीत आम्ही त्याला हुंगू देऊ लागलो, अंतर निम्मं आणि वेळ तीच. यातल्या कशाचा वाटा किती, हे एका घरातल्या एका कुत्र्यावरून सांगता येत नाही.

एक योगायोग मात्र कामी आला. आठव्या आठवड्यात मुलगा सोडून सगळे इंदूरला बारशाला गेले, चार दिवस. मुलाने सोपा मार्ग धरला: वाडग्यात जेवण, आणि हवा गार झाली होती म्हणून सकाळ-संध्याकाळ सायकलबरोबर पळवणं. व्यायाम भरपूर, काम शून्य. वडिलांच्या धाकाने वही मात्र इमानदारीत भरली: संध्याकाळच्या कुरापती सहा, आठ, सात, आठ. बाकीचे परतले, डबा आणि "शोध" सुरू झालं, पाचव्या दिवशी आकडा परत तीनवर. घरची माणसं नव्हती म्हणूनही तो बिथरला असेल, हे मी नाकारत नाही. काका नाकारतात.

सुटलेलं नाही असंही आहे. गच्चीवर माकडं आली की गजक अजून आकाशपाताळ एक करतो. दिवाळीच्या फटाक्यांचं काय, ते दिवाळीत कळेल, त्यावर वेगळं काम लागेल. झोपाळ्याचा पाय बदलावा लागला. गल्लीतल्या टोळीशी त्याचं वैर कायम आहे.

ऑगस्टात मी शेवटची गेले तेव्हा सांज होती. नात अभ्यासाला बसली होती, काकू ओसरीवर भाजी निवडत होत्या, गजक चटईवर. "संध्याकाळी आता दोघंही शांत असतात," काकू काकांकडे न बघता म्हणाल्या. मी वही मागितली. आदल्या दिवसाची नोंद अशी होती:

"लवंग. देवघर, चौरंगाखाली. २ मिनिटे १० सेकंद. शेरा : बाटली कोठे ठेवली होती हे निम्नस्वाक्षरीकार स्वतः विसरला होता."